मागच्या सीटखालचा आवाज

पेट्रोल गाडीची किल्ली ‘ऑन’ला आणून स्टार्टर मारायच्या आधी जरा थांबलं, तर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि विरते. टाकीत बुडालेला विजेचा पंप इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत पेट्रोलचा दाब भरून ठेवतो, त्याचा तो आवाज. सात वर्षं गाडी चालवूनही असा आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. तो येईनासा झाला तेव्हा कळलं.

एप्रिलमधली दुपार होती. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढत होतो. पुढं मालट्रकांची रांग, एसी चालू, मागं आई बसलेली. अर्ध्या घाटात गाडीचा पिकअप गेला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी ओढेना, आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. मागून येणाऱ्या ट्रकच्या क्लीनरनं उतरून धक्का दिला, म्हणून गाडी कडेला लागली. आईला उतरवून कठड्याच्या आत, सावलीत बसवलं. किल्ली फिरवावी तर स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा किल्ली फिरवली, तर काही झालंच नव्हतं अशी गाडी सुरू झाली आणि थेट साताऱ्यापर्यंत आली.

साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पेट्रोलचा दाब कमी असल्याचा कोड आला. “पंप गेलाय साहेब. बदलून टाकू.” पंप बदलला. पंधरा दिवस गाडी बरी चालली. मग मे महिन्यात भर दुपारी कराडच्या अलीकडं तोच प्रकार. दुसऱ्या गॅरेजनं रिले बदलला, प्लग बदलले, आणि दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकला. आठवड्यात गाडी पुन्हा उभी राहिली. “आता इंजेक्टर बदलून बघू,” असं तिथं म्हणाले, तेव्हा मी थांबलो.

‘बदलून बघू’ हे दोन शब्द आपल्याकडच्या गॅरेजमध्ये दिवसातून कितीदा उच्चारले जात असतील. ते म्हणणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्यापुढं दहा गाड्या उभ्या असतात, प्रत्येक मालकाला संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते, आणि त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा त्याच्याकडं नसतो. दोष शोधायला घालवलेल्या तीन तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं, नव्या पार्टचे मात्र निमूट देतं. म्हणजे त्याला या सवयीकडं ढकलण्यात आपलाही हात आहे. पण घाटात गाडी बंद पडते आणि मागून ट्रक येत असतो, तेव्हा या सवयीची किंमत पैशात मोजता येत नाही.

सांगलीत माझी बहीण असते. तिच्या ओळखीनं तिथल्या एका वायरमनकडं गाडी नेली. साताऱ्याहून निघालो ते पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून. कराड, पेठ नाका, आष्टा करत आठच्या आत सांगली. वायरमन म्हणजे साठीच्या आसपासचे गृहस्थ. ‘नाव छापू नका, काम काय ते लिवा’ एवढीच त्यांची अट होती. तेव्हा इथं त्यांना मिस्त्रीच म्हणतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. मला स्टुलावर बसवलं, पोराला चहा सांगितला, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी सकाळी बंद पडते का दुपारी? चढाला का सपाटीला? टाकी किती भरलेली असते? बंद पडताना झटके देते, का दिवा विझावा तशी एकदम जाते? पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो? मी सांगत गेलो, ते एका फुलस्केप वहीत लिहीत गेले. शेवटचा प्रश्न मला अनपेक्षित होता.

“पाण्यात गेलती का कधी?”

गेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये गाडी बहिणीकडं सांगलीत, गावभागात उभी होती. त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या गाडीत सीटच्या बुडापर्यंत पाणी होतं. नंतर सीट, गालिचे, तेलं सगळं बदलून घेतलं होतं. गाडी कोरडी झाली, वास गेला, आम्ही विसरलो.

मिस्त्री विसरले नव्हते. त्या साली आणि पुन्हा २०२१च्या जुलैत पुरातून काढलेल्या गाड्या अजूनही त्यांच्याकडं येतात. “पूर चार दिसांत उतरतो. तांब्यात शिरलेलं पाणी वर्सानुवर्सं काम करत ऱ्हातं,” ते म्हणाले. वायरीच्या तांब्याला हिरवी भुकटी धरते, ती प्लास्टिकच्या कपलरच्या आत असते, आणि कपलर उघडल्याशिवाय दिसत नाही.

आता थोडं त्या पंपाविषयी सांगायला हवं. ते सांगायला सातारा-सांगलीइतका सोयीचा मुलूख नाही, कारण इथल्या माणसाला पंप समजावून द्यावा लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणला. आधी नांगर, मग पंप. साताऱ्यात १९२२ साली धनजीशा कूपरांचा कारखाना उभा राहिला, तिथं पुढं डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. नदीवर मोटार असलेल्या इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा: मोटार जळली, वायंडिंग करून आणली, पुन्हा बसवली आणि आठवड्यात पुन्हा जळली, तर तो तिसऱ्यांदा वायंडिंगला जात नाही. तो व्होल्टेज बघतो, एखादा फेज जातोय का बघतो, स्टार्टरचे पॉइंट बघतो. जळते मोटार, पण दोष बहुतेक वेळा लाइनीत असतो. हे शहाणपण कृष्णाकाठच्या प्रत्येक मळ्यात आहे. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपण ते गॅरेजच्या दारात ठेवून आत जातो.

साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ तयार होत होती, त्या काळात पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं कार्बोरेटरमध्ये उतरायचं. पंपाचा प्रश्नच नव्हता. गाड्यांना इंजेक्शन आलं तेव्हा दाब लागू लागला, आणि पंप टाकीत गेला; भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. बऱ्याच साध्या गाड्यांत आजही तो रिलेवर चालतो: चालू किंवा बंद, मळ्यातल्या स्टार्टरसारखा. पण काही नव्या इंजिनांना, विशेषतः टर्बोवाल्यांना, घडीघडीला वेगळा दाब हवा असतो. सिग्नलला उभी असताना कमी, घाटात जास्त. तिथं पंप आणि इंजिनाचा मुख्य संगणक म्हणजे ईसीयू यांच्यामध्ये एक छोटी पेटी बसते. हिचं नाव फ्युएल पंप कंट्रोल मॉड्यूल. ईसीयू तिला सांगतो, पंप इतक्या टक्क्यांवर चालव. पेटी पंपाची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि चालूचा काळ कमी-जास्त करून पंपाचा वेग सांभाळते. कारखान्यांत मोटारीचा वेग बदलायला ड्राइव्ह लावतात, तसलंच हे काम. काही गाड्यांत तर टाकीतला पंपही तीन वायरींचा, थ्री-फेज असतो. त्याला बॅटरीची वायर थेट लावून बघणं म्हणजे पंप घालवणं.

माझ्या गाडीत ही पेटी मागच्या सीटखाली होती. दोन गॅरेजांत कुणी ती उघडून पाहिली नव्हती.

मिस्त्रींनी सगळ्यात आधी स्कॅनर लावला आणि कोड वहीत उतरवून घेतला: पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. तो खोडला नाही. “ह्यो कोड म्हंजी गावच्या पाटलाचा निरोप. पानी कमी आलं एवढंच सांगतो. कुनी अडवलं ते आपन बघायचं.” बॅटरी बंद इंजिनावर १२.६ व्होल्ट, चालू इंजिनावर १४.१. ठीक. मग सीट काढली. हाताच्या तळव्यापेक्षा लहान, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचे पंख असलेली पेटी. कपलरची खिटी दाबून तो सोडवला, आणि त्यांनी पोराला हाक मारून आत टॉर्च मारायला लावला. अर्थच्या जाड पिनेभोवती हिरवट भुकटी.

इथं त्यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पोरानं मीटर लावला तर सप्लाय आणि अर्थमध्ये १२.४ व्होल्ट आले. आकडा चांगला. “मीटरवर भरवसा ठेवू नको,” मिस्त्री त्याला म्हणाले. मीटर स्वतः वीज घेतच नाही म्हटलं तरी चालेल. वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पाइपात कचरा अडकलेला असावा आणि तोटी बंद असताना दाब बघावा, तसं ते आहे. तोटी सोडल्यावरच कळतं. त्यांनी हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब आणला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. तो साडेचार अ‍ॅम्पियरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे जवळपास पंपाइतकीच. बल्ब कपलरला लावला तर पिवळा, मिणमिणता पेटला. आता मीटरचं एक टोक अर्थच्या पिनेवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं. तिथं शून्याच्या आसपास यायला हवं. आलं १.१ व्होल्ट.

एक व्होल्टानं काय होतं, असं मला वाटलं होतं. मिस्त्रींनी वहीत हिशेब मांडला. पंप पाच-साडेपाच अ‍ॅम्पियर ओढतो. एवढी वीज जाताना पिनेवर सव्वा व्होल्ट सांडला, तर तिथं सहा-सात वॉट उष्णता तयार होते. एलईडीच्या सात वॉटच्या बल्बात आपण खोलीभर उजेड पाडतो. तेवढी शक्ती गव्हाच्या दाण्याएवढ्या पिनेवर, बंद सीटखाली, तासन्‌तास. ती धग पिनेतून पेटीच्या आतल्या डाखापर्यंत जाते.

पीन कापून नवी दाबून बसवली. अर्थची वायर जिथं बॉडीला बोल्टनं जोडली होती, तिथला गंज पालिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा बल्ब. आता तो पांढरा पेटला. अर्थवरचं रीडिंग ०.०६.

“झालं की मग,” पोरगं म्हणालं.

“झालं का न्हाई ते ऊन ठरवंल.”

अकरा वाजता गाडी उन्हात लावली. नळीला दाबाचं घड्याळ जोडलं, पंपाच्या वायरीभोवती अ‍ॅम्पियर मोजणारा चिमटा अडकवला, एसी लावून इंजिन चालू ठेवलं. मग वाट बघणं. मिस्त्री दुसऱ्या गाडीला हात लावत नव्हते. दर दहा मिनिटांनी येऊन वहीत आकडे लिहीत होते. दाब पाच बार, पंपाला ५.४ अ‍ॅम्पियर. दहा मिनिटांनी तेच. वीस मिनिटांनी तेच. बावन्नाव्या मिनिटाला काटा थरथरला आणि खाली यायला लागला. इंजिन धडधडलं, बंद पडलं.

मला वाईट वाटलं. ते मात्र झपाझप कामाला लागले, कारण दोष पकडायची वेळ ती हीच. गाडी बरी असताना तो दिसत नाही. किल्ली ऑन. सप्लाय आहे. अर्थ आहे. ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर ईसीयूचा हुकूम चौकोनी दातांच्या ओळीसारखा येताना दिसत होता. पेटीतून पंपाकडं जाणाऱ्या वायरीवर काहीच नव्हतं. तिन्ही गोष्टी आत येतात आणि बाहेर काही जात नाही, मग दोष पेटीच्या आत. पुठ्ठा घेऊन त्यांनी पेटीला वारा घालायला सुरुवात केली. सहा-सात मिनिटांनी किल्ली ऑन केल्यावर ती गुणगुण पुन्हा आली.

पंप निर्दोष होता, हे चिमट्यानं आधीच सांगितलं होतं. पंप घासत असता तर अ‍ॅम्पियर चढत गेले असते, आणि जास्त वीज ओढणारा पंप नवी पेटीही खाऊन टाकतो. म्हणून पेटी बदलायच्या आधी पंपाचे अ‍ॅम्पियर बघायलाच हवेत. माझा जुना पंप साताऱ्यात भंगारात गेला. तो बहुधा चांगला होता.

पंप कधी जातच नाही असं मात्र नाही, आणि हेही नोंदवायला हवं. जुलै २०२०मध्ये मारुतीनं वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये होंडानं भारतातल्या ९०,४६८ गाड्यांचे पंप बदलून देण्याचं जाहीर केलं; त्यांच्या पंपातला पंखा सदोष असण्याची शक्यता होती. अशा वेळी पंप बदलणं हाच उपाय, आणि तोही फुकट मिळतो. आपली गाडी त्या यादीत आहे का, हे चॅसी नंबरवरून कंपनीकडं विचारता येतं. खिशात हात घालण्यापूर्वी तेवढं जरूर करावं.

इथेनॉलचंही तसंच. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, त्यामुळं इथं हा घरचाच विषय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, लिटरमागं त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवेलच असं नाही. या चिंता खऱ्या आहेत. पण म्हणून बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचं खापर त्याच्यावर फोडलं, तर सीटखालची हिरवी भुकटी कुणी शोधणार नाही.

नवी पेटी मागवताना मिस्त्रींनी जुनीवरचा पार्ट नंबर फोटोतून नाही, डोळ्यांनी वाचून दोनदा लिहिला. शेवटचं अक्षर वेगळं असलेली, हुबेहूब दिसणारी पेटी दुसऱ्या इंजिनाची असते. पार्ट यायला चार दिवस लागले. बसवायला वीस मिनिटं पुरली: किल्ली बंद, नळीतला दाब आधी उतरवलेला, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं, शेडमध्ये विडी-काडी बंद. पेटीच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट, बोल्ट, कपलर. कपलर ‘टक’ असा वाजल्याशिवाय हात काढायचा नाही, हे पोराला तीनदा सांगून झालं. काही गाड्यांत नव्या पेटीची ईसीयूला स्कॅनरवरून ओळख करून द्यावी लागते, काहींत नाही. माझ्या गाडीत लागली, आणि तिथं काम अडलं. कारण ती सोय मिस्त्रींच्या स्कॅनरमध्ये नव्हती. ओळखीच्या एका मुलाकडं तसला स्कॅनर होता, तो मिरजेहून संध्याकाळी येईपर्यंत बसावं लागलं.

या अडण्याविषयी मला राग आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढं अपिलं झाली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. एवढं होऊनही सांगलीतला चाळीस वर्षांच्या अनुभवाचा कारागीर वायरिंगचा नकाशा कुणाच्या तरी मोबाइलवरून मिळवतो, आणि वीस मिनिटांच्या कामाला दिवस घालवतो. त्याच्याकडं हे ज्ञान हक्कानं आलं असतं, तर साताऱ्यातल्या त्या पहिल्या गॅरेजलाही ‘बदलून टाकू’ म्हणायची वेळ आली नसती असं मला वाटतं. वाहनांचा ट्रेड आपल्या आयटीआयमध्ये आहे, विश्रामबागेत वालचंद कॉलेज आहे, कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भार टाकून वायर तपासण्याची एक दुपारची कार्यशाळा तिथं गावातल्या मिस्त्रींसाठी भरवणं अवघड नाही.

पेटी बसल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उन्हात, एसी चालू. एक तास. दोन तास. काटा पाच बारवरून हलला नाही. मग मिस्त्रींनी जुना कोड खोडला.

जुनी पेटी त्यांनी ब्लेडनं उघडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. जाड पायाभोवतीच्या डाखावर केसाएवढी गोल भेग होती, अंगठीसारखी. थंड असताना दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या. गरम झालं की धातू फुगतो, कडा सुटतात आणि खंबाटकीत गाडी उभी राहते. भिंगातून ती भेग मी बराच वेळ बघत होतो. आई कठड्याशी बसली होती ती दुपार डोळ्यांसमोर होती.

पैसे देताना मी शोधायला लागलेल्या वेळाचे वेगळे धरा म्हटलं. त्यांनी थोडं नाही-होय करून धरले. वहीत माझ्या गाडीचं पान झालं होतं. तारीख, किलोमीटर, कोड, अर्थचं रीडिंग आधीचं १.१ आणि नंतरचं ०.०६. त्यापुढं त्यांनी पट्टीनं आणखी एक रकाना आखला आणि मोकळा ठेवला.

“पावसाळा सरला की या,” ते म्हणाले. “दिवाळीला बहिनीकडं येनारच न्हवं? तवा परत भार टाकून बगू.”